चवथीच्या खरेदीआधी: लहान मुलांचे कपडे आणि बूट, तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की लहान मुलांच्या कपड्या-चपलांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि प्रश्नांचा ढीगच लागला. चवथ तोंडावर आलीय, बाजारात गर्दी सुरू झालीय, त्यामुळे ते साहजिकच आहे. बहुतेक प्रश्न एक ते सात वर्षांच्या मुलांचे आहेत. सगळे घेता आले नाहीत, जे परत परत आले ते निवडलेत आणि दोघी-तिघींनी एकच विचारलं असेल तर ते एकत्र केलंय.

प्रश्न: माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात वाढत्या अंगाचं घे, दोन वर्षं तरी चाललं पाहिजे. गेल्या चवथीला दोन साइज मोठं परकर-पोलकं घेतलं तर सगळ्या फोटोंत ती दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखी दिसते, खांद्यावरून सारखं घसरत होतं. या वर्षी खणाचं शिवून घ्यायचंय. छान पण दिसलं पाहिजे आणि पुढच्या वर्षी पण झालं पाहिजे, असं काही होतं का? (एक आई, डिचोली)

उत्तर: होतं ना, अगदी होतं. आणि सासूबाई चुकीचं सांगत नाहीयेत, या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटीमीटर उंच होतं, म्हणजे अडीचेक इंच, नेमक्या मापाचा परकर पुढच्या चवथीला घोट्याच्या वर गेलेला असणार. पण बघा, ही वाढ मुख्यतः उंचीत होते. खांदे त्या मानाने खूप हळू रुंदावतात. दोन साइज मोठं घेतलं की लांबी मिळते पण त्याच्याबरोबर नको असलेली रुंदी पण मिळते, गळा मोठा होतो, खांद्याची शिवण दंडावर उतरते, मुंढा बरगडीपर्यंत खाली जातो आणि मग मुलीने हात वर केला की अख्खं पोलकं वर येतं. फोटोत जे उसनं दिसतं ना ते सगळं खांद्यामुळे, लांबीमुळे नाही.

म्हणून नियम एकच ठेवा, खांदा आणि गळा आजच्या मापाचा आणि लांबी उद्याच्या मापाची. खांद्याची शिवण जिथे खांद्याचं हाड संपतं तिथेच बसली पाहिजे. टेलरला स्पष्ट सांगा की परकराला खाली तीन-चार इंच दुमड आत ठेवा, पोलक्याला दोन्ही बाजूंनी पाऊण इंच दाब सोडा, कापून टाकू नका. अजून एक जुनी पद्धत आहे जी आपल्या आज्या करायच्या, काठाच्या वर दोन-तीन आडव्या टका घालायच्या, म्हणजे कापडाच्या बारीक घड्या शिवून घ्यायच्या, त्या डिझाइनसारख्या दिसतात आणि पुढच्या वर्षी एक टक उसवली की परकर लांब. खणावर तर या टका इतक्या सुंदर दिसतात, मुद्दाम केल्यासारख्या. उसवल्यावर जुन्या शिवणीची बारीक रेघ दिसते, ती झाकायला त्यावर पातळशी लेस किंवा गोठ लावा.

परकराला नाडी नको. चार तास घट्ट बांधलेली नाडी पोटावर लाल वळ उठवते आणि सैल बांधली तर परकर खाली. त्यापेक्षा परकराला वरून बिनबाह्यांची मलमलची बॉडी जोडून घ्या, म्हणजे सगळं वजन खांद्यावर येतं, वरून पोलकं घातलं की बॉडी दिसत पण नाही, आणि ही मुलगी दिवसभर फुगडी घालू दे नाहीतर जमिनीवर बसून मोदक खाऊ दे, काही घसरत नाही. खण अंगाला टोचू शकतो म्हणून पोलक्याला आतून मलमलचं अस्तर हवंच, पॉलिएस्टरचं अस्तर गोव्याच्या दमट हवेत नको, घामोळं उठतं. आणि अस्तराचं कापड शिवायच्या आधी एकदा भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतं, खण तितका आखडत नाही, मग पोलकं आतून ओढल्यासारखं चुण्या पडून बसतं आणि आपण टेलरला नावं ठेवतो.

रेडीमेडच घेणार असाल तर टॅगवरच्या नंबरावर जाऊ नका. २० नंबर एका दुकानात एक आणि शेजारच्या दुकानात वेगळाच असतो. घरून तिला आज नीट बसणारा एक फ्रॉक पिशवीत घालून न्या आणि दुकानात नव्या कपड्यावर खांद्याला खांदा लावून ठेवून बघा, मूल बरोबर नसलं तरी चालतं.

प्रश्न: मुलांच्या कपड्यांत मुलग्यांसाठी काहीच नसतं हो. एक तर कार्टून नाहीतर गाड्या, नाहीतर एकदम लग्नातला कोट. माझा मुलगा पाच वर्षांचा, बारीक अंगाचा. त्याला स्टायलिश कसं घालायचं? शर्ट घातला की पोतं घातल्यासारखा दिसतो. (एक बाबा, वास्को)

उत्तर: बाबा लोक हे विचारतात तेव्हा मला फार बरं वाटतं. बारीक मुलाचं गणित सोपं आहे, शर्टाची लांबी. मुलांचे शर्ट बहुतेक वेळा लांब कापलेले असतात कारण ते आत खोचले जातील असं धरलेलं असतं. आपण मात्र बाहेर सोडतो आणि मग शर्ट अर्ध्या मांडीपर्यंत येतो, पाय छोटे दिसतात. बाहेर सोडायचा शर्ट चेनच्या मध्यापर्यंत यावा, त्याच्या खाली नाही. हा बदल कुठलाही कोपऱ्यावरचा टेलर थोडक्या पैशांत करून देतो, खालून कापून सरळ शिवण मारायची, बस. बाही अर्धी असेल तर कोपराच्या वर दोन बोटं थांबली पाहिजे आणि दंडावर फार उडता कामा नये, तिथेही आतून अर्धा इंच घेता येतो. हाफ पँट गुडघ्याच्या जरा वर. गुडघा झाकून खाली लोंबणारी पँट बारीक मुलाला अजून बारीक करते.

कमरेला पूर्ण इलास्टिक नको, आतून बटणाची पट्टी असलेलं इलास्टिक मिळतं ते बघा, ओढून हव्या त्या बटणाला अडकवायचं. बारीक मुलांसाठी यासारखी सोय नाही आणि पुढच्या वर्षी एकेक बटण सोडत जायचं.

रंगांचं म्हणाल तर एका वेळी दोन, फार तर तीन. एक शांत रंग, एक बोलका. आणि आपल्याकडे कुणबी चौकडा आहे ना, तो लाल-पांढरा, कुणबी बायकांच्या कापडाचा! दिवंगत डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी परत लोकांसमोर आणली आणि आता तसं चौकड्याचं सुती कापड मीटरवर पण मिळतं. त्याचा मुलासाठी अर्ध्या बाहीचा शर्ट शिवा, बंद गळ्याचा, खाली साधी पांढरी किंवा काळपट निळी पँट. चवथीला, शिगम्याला, शाळेच्या कार्यक्रमाला, कुठेही उठून दिसेल, आणि तसा शर्ट शेजारच्या घरातल्या मुलाच्या अंगात दिसणार नाही. एवढंच बघा की पाच वर्षांच्या अंगाला बारीक चौकडा शोभतो, मोठा चौकडा त्याला गिळून टाकतो.

आणि त्याला विचारा. सगळं कपाट उघडून नाही, तुमच्या पसंतीचे दोन शर्ट पुढे धरा आणि यातला कुठला ते त्याला ठरवू दे. स्वतः निवडलेला शर्ट मूल ताठ मानेने घालतं.

प्रश्न: बुटांचं डोकंच चालत नाही. कुठे २५ लिहिलंय, कुठे ८, कुठे ३-४ वर्षं. किती मोठा घ्यायचा? दुकानदार अंगठ्याने दाबून म्हणतो बरोबर आहे, मुलगा पण म्हणतो बरोबर आहे, आणि घरी आल्यावर दोन दिवसांत काढून फेकतो. (एक आई, मडगाव. असाच प्रश्न म्हापशाहून आणि साखळीहून पण आलाय)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगते. कपडा चुकला तर मूल वाईट दिसेल, बूट चुकला तर त्याच्या पायाला त्रास होतो. लहान मुलाच्या पायातली हाडं अजून पूर्ण हाडं झालेली नसतात, बराचसा भाग कूर्चेचा असतो आणि वर मऊ चरबी, त्यामुळे घट्ट बुटात पाय दबून जातो आणि मुलाला धड दुखत पण नाही. म्हणून मुलगा बरोबर आहे म्हणाला याच्यावर विसंबू नका, त्यात नवीन बूट मिळायचे म्हणून तो हो म्हणणारच. आणि दुकानदाराने वरून दाबलं की मुलं आपोआप बोटं आखडून घेतात, त्याला वाटतं पुढे जागा आहे, प्रत्यक्षात नसते.

मग काय करायचं? संध्याकाळी मोजा, दिवसभर खेळून पाय जरासे फुगलेले असतात. भिंतीला टाच लावून मुलाला कागदावर उभं करा, बसलेलं नको कारण उभं राहिल्यावर पाय लांब आणि रुंद होतो. सगळ्यात पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा, ते अंगठ्याचंच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा. समजा १५.५ सेंटीमीटर आलं. त्यात एक सेंटीमीटर मिळवा, फार तर सव्वा. म्हणजे तुम्हाला आतून साडेसोळाचा बूट हवाय. तीच ती आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. याच्यावर अजून वाढत्या पायाचं म्हणून मोठा घेऊ नका, कपड्यात दुमड घालता येते, बुटात नाही. मोठ्या बुटात पाय पुढे-मागे सरकतो, मूल बोटांनी बूट धरून चालतं, अडखळतं, पडतं.

आता नंबर. २५ हा युरोपचा, ८ हा यूकेचा. युरोपच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे ६.६७ मिलिमीटर, यूकेच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. यूकेचे लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग परत १ पासून सुरू होतात, म्हणून दुकानात १ नंबर ऐकून घाबरू नका. आतून साडेसोळाचा बूट म्हणजे युरोपचा २५ आणि यूकेचा साडेसात-आठच्या आसपास. वयाचा आकडा मात्र सरळ सोडून द्या, चार वर्षांच्या दोन मुलांच्या पायात दोन नंबरांचा फरक सहज असतो. सगळ्यात खात्रीचं काम म्हणजे बुटातला सोल, तो आतला मऊ तळवा, बाहेर काढता येत असेल तर काढा आणि मुलाला त्याच्यावर उभं करा. पुढे बोटभर जागा दिसली पाहिजे आणि बाजूने पाय बाहेर सांडता कामा नये.

हे बाजूने सांडणं आपल्याकडे फार होतं कारण बरेच बूट परदेशी साच्यांवर बनलेले असतात आणि आपले पाय पंज्यापाशी रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यात लहान मुलं पण होती, आणि त्यावरून भारतीयांसाठी 'भा' नावाची वेगळी साइज पद्धत सुचवलीय. आपण मात्र काय करतो, रुंदी मिळावी म्हणून एक नंबर लांब घेतो, आणि मग टाच मागून निसटते. तसं न करता पुढून गोल आणि रुंद असलेला, वरून वेल्क्रोने पूर्ण उघडणारा बूट शोधा. हातात घेऊन वाकवून बघा, बोटं जिथे वाकतात तिथेच वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. मागची टाचेची वाटी दाबून बघा, ती टणक हवी.

तीन वर्षांपर्यंत पाय वर्षाला दीड-दोन सेंटीमीटर वाढतो, मग साधारण एक सेंटीमीटर. म्हणून लहानग्यांचे बूट दर दोन महिन्यांनी तपासा आणि मोठ्यांचे तीन-चार महिन्यांनी. करंगळीवर किंवा टाचेवर लाल खूण, सारखे बूट काढून टाकणं, ही लक्षणं. म्हापशाहून लिहिणाऱ्या आईने विचारलंय की मुलाचा तळवा सपाट आहे, आधाराचे बूट घेऊ का? पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचा तळवा सपाटच दिसतो, तिथे चरबीची गादी असते. घरात अनवाणी खेळू द्या, पायाला ते सगळ्यात चांगलं. दुखत असेल किंवा एकच पाय वेगळा दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा, दुकानदाराला विचारून काही घेऊ नका.

प्रश्न: पावसात मुलाच्या बुटांचं काय करावं? शाळेचे बूट रोज भिजतात, वास येतो, बुरशी येते. आणि लग्नासाठी घेतलेले चांगले बूट कपाटात जपून ठेवले होते, परवा काढले तर सोलचा भुगा! एकदाच घातले होते. फसवलं का आम्हाला? (एक आई, फोंडा)

उत्तर: फसवलंच असेल असं नाही. तो सोल पॉलियुरेथेनचा असणार, आणि या प्लास्टिकची खोडच अशी आहे की हवेतल्या ओलाव्याने ते आतून तुटत जातं, न घालता ठेवलं तरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली हवा पण ओलीच असते. उलट अधूनमधून घातलेले बूट जास्त टिकतात. म्हणून लहान मुलाचे कार्यक्रमाचे बूट जपून ठेवायची वस्तूच नाही, तसाही सहा महिन्यांत पाय पुढे जातो, घेतले की घालू द्या, बाजारात, देवळात, आजोळी, सगळीकडे. घेताना सोल ईव्हीएचा (फोमसारखं हलकं प्लास्टिक) किंवा रबराचा आहे का ते विचारा, त्यांचा असा भुगा होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मात्र अजिबात ठेवू नका, ओलावा आत कोंडतो.

शाळेसाठी, पावसाळ्यात सँडल चालतील का ते आधी शाळेला विचारा, बऱ्याच शाळा चालवून घेतात. मागे पट्टा असलेले, पाणी निघून जाणारे, खाली खाचा असलेले सँडल. साध्या स्लिपर नकोत, त्या मुलाला बोटांनी धरून ठेवाव्या लागतात आणि ओल्या लादीवर घसरतात. गमबूट दिसतात फार गोड पण वरून पाणी आत गेलं की दिवसभर पाय डबक्यात, शाळेत तासन् तास घालायला ते बरे नाहीत, अंगणात उड्या मारायला घ्या खुशाल. बूटच सक्तीचे असतील तर जमलं तर दोन जोड फिरवून वापरा. घरी आल्यावर आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बोळे बदला आणि पंख्याखाली आडवे ठेवा. चुलीजवळ किंवा हीटरसमोर नको, डिंक सुटतो. मोजे रोज बदला, आणि सुताबरोबर थोडं नायलॉन असलेले घ्या म्हणजे वाळतात.

रेनकोटबद्दल एक सांगायचं राहून जाईल म्हणून इथेच सांगते. टोपीला नाडी असलेला रेनकोट किंवा जॅकेट घेतलंत तर नाडी ओढून काढून टाका. घसरगुंडीत, बसच्या दारात ती अडकते आणि गळ्याला फास बसतो. युरोपच्या सुरक्षा मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यात टोपीला आणि गळ्याला नाडी चालतच नाही, ती याच कारणासाठी.

प्रश्न: नातवाला लाइट पेटणारे, पी-पी वाजणारे बूट घ्यायचे आहेत. सून नको म्हणते. तुम्ही काय म्हणाल? (एक आजोबा, पेडणे)

उत्तर: आजोबा, लाइटचे घ्या, वाजणारे नको. नातू अडीच वर्षांचा आहे असं लिहिलंय तुम्ही, त्याच्या पायाखालचा तो आवाज घरातल्या सगळ्यांच्या आणि त्याच्याही कानाला त्रास देतो. लाइटवाले घेताना दोन गोष्टी बघा. बूट जड नको, आणि बॅटरीचा भाग पक्का बंद हवा. आतली ती चपटी बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून बूट फाटला की लगेच टाकून द्यायचा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल. बाकी माप वर सांगितलंय तसंच. सूनबाईंना हे उत्तर दाखवा.

प्रश्न: भाचीला चवथीसाठी नेटचा मोठा घेरदार फ्रॉक आणि थोड्या हीलचे चमकीचे सँडल घेतलेत. ती सहा वर्षांची आहे, तिला फार आवडलेत. बहीण म्हणते हील नको. (एक मावशी, काणकोण)

उत्तर: बहिणीचं ऐका. सहाव्या वर्षी हील घातली की सगळा भार पुढे पंज्यावर येतो, बोटं टोकात दाबली जातात, आणि मुलं चालत नाहीत, पळतात. चमकीचे हवेत तर चमकीचेच सपाट सँडल घ्या, तिला चमक आवडलीय, उंची नाही. आणि चवथीच्या दिवसांत आपण किती घरी जातो, देवळात जातो, प्रत्येक ठिकाणी चपला काढा परत घाला, तिला स्वतः घालता-काढता येईल असा वेल्क्रोचा पट्टा असू दे, बारीक बकल नको.

फ्रॉकची मला जास्त काळजी वाटते. नेट नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते, ठिणगी पडली तर भर्रकन पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. सुती पण पेटतं, पण ते असं वितळून चिकटत नाही. आणि आपल्याकडे चवथीला गणपतीसमोर समया आणि बाहेर फटाके. तेव्हा हा फ्रॉक तिने दुपारी घालावा, सगळ्यांकडे मिरवावा, फोटो काढावेत. आरतीच्या आणि फटाक्यांच्या वेळी मात्र अंगाबरोबरचा सुती कुर्ता नाहीतर फ्रॉक, ओढणी नाही, घेर नाही. तिला आधीच सांगून ठेवा की एक फ्रॉक दुपारचा आणि एक संध्याकाळचा, मुली खूश होतात, दोन कपडे घालायला मिळाले म्हणून. नेटच्या आत सुती अस्तर कमरेपर्यंत नाही तर खालपर्यंत आहे ना ते पण बघा, नाहीतर मांड्यांना खाज येऊन ती तासाभरात रडकुंडीला येईल.

प्रश्न: जावेच्या मुलाचे कपडे-बूट आम्हाला येतात. सगळं चांगल्या स्थितीत असतं. वापरू ना? (एक आई, साखळी)

उत्तर: कपडे जरूर वापरा. धुवून-धुवून मऊ झालेलं सुती कापड लहान मुलाला नव्यापेक्षा चांगलं. फक्त इलास्टिक बदला आणि बटणं ओढून बघा. बूट मात्र नको. आधीच्या मुलाच्या पायाचा आकार त्यात बसलेला असतो, टाच एका बाजूला झिजलेली असते, आणि तुमच्या मुलाचा पाय त्या झिजेवर वाकडा पडतो. एखाद्या लग्नात दोनदाच घातलेले, सोल सपाट असलेले बूट असतील तर हरकत नाही. जाऊबाईंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर बूट ठेवून घ्या, गमबूट आणि पावसाळी सँडल अंगणात खेळायला चालतात की.

प्रश्न: मुलगी चार वर्षांची, कुठलाही नवा कपडा घातला की काढून टाकते, टोचतं म्हणते. हट्ट समजायचा का? (एक आई, कुडचडे)

उत्तर: आधी कपडा उलटा करून आपल्या मानेला, मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. दहातल्या आठ वेळा काहीतरी सापडतंच. मानेचं लेबल कात्रीने कापलं की जी कडक टोकं उरतात ती लेबलपेक्षा जास्त टोचतात, त्यामुळे शिवण उसवून ते मुळातून काढा. टिकल्यांच्या कामाची मागची बाजू, नायलॉनच्या दोऱ्याची शिवण, बरगडीजवळची चेन, हे सगळं तिला खरंच लागतंय. आत बिनबाह्यांची सुती बनियन घाला, आणि नवा कपडा घालायच्या आधी एकदा धुवा, कांजी आणि कडकपणा जातो. सणाचा कपडा दोन-तीन दिवस आधी घरात तासभर घालू द्या, हात वर कर, उकिडवी बस, पळून ये असं सांगा. यात कुठे ओढलं, टोचलं तर दुरुस्त करायला वेळ मिळतो, ऐन आरतीच्या वेळी रडारड नको.

प्रश्न: ऑक्टोबरपासून मुलाला पोहायला घालणार आहे, सुट्टीत समुद्रावर पण नेतो. स्विमिंगचे कपडे कसे घेऊ? निळ्या रंगाचा शार्कवाला सेट फार छान मिळतोय. (एक आई, पर्वरी)

उत्तर: शार्कवाला घ्या पण निळा नको. निळा, पांढरा, राखाडी आणि फिकट हिरवा हे रंग पाण्याखाली गेले की दिसेनासे होतात, तलावात पण आणि समुद्रात तर जास्तच. भडक केशरी, भडक गुलाबी, पोपटी-पिवळा असे डोळ्यात भरणारे रंग घ्या, आपल्या डोळ्यांना जरा जास्त वाटले तरी. पूर्ण बाह्यांचा टॉप घेतलात तर उन्हापासून पण बचाव होतो. माप अंगाबरोबर हवं, सैल घेतलात तर पाणी भरून जड होतं आणि पोहताना वर येतं. युरोपियन ब्रँडवर ९८, १०४, ११० असे आकडे असतात, ती मुलाची सेंटीमीटरमधली उंची आहे, तिथे वाढत्या अंगाचं म्हणून पुढचा आकडा घेऊ नका. वाळूवर घालायला मागे पट्टा असलेले सँडल, दुपारची वाळू पाय भाजते. आणि रंगाची खात्री करायची असेल तर नवा कपडा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवू नका, भिजला तर दुकानदार परत घेणार नाही, तसल्याच रंगाचा एखादा जुना कपडा बुडवून बघा, लगेच कळतं.